स्त्रेप्पोनी आणि व्हर्दी: ऑपेरा गायिकेच्या प्रेमावर ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर

प्रश्न थोडक्यात असा: जुझेप्पिना स्त्रेप्पोनी ही एकोणिसाव्या शतकातली नावाजलेली इटालियन ऑपेरा गायिका. संगीतकार जुझेप्पे व्हर्दीशी तिचं जे नातं होतं, त्यावर मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे. आराखडा तिच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचा, दीड लाख शब्दांचा झाला आहे. सुरुवात कुठून करावी, कल्पनेला किती मोकळीक द्यावी आणि ज्याने ऑपेरा कधी पाहिलाच नाही अशा वाचकाला तो कसा दाखवावा?

आधी आराखडा कापा. स्त्रेप्पोनी ८ सप्टेंबर १८१५ ला लोदी गावात जन्मली आणि १४ नोव्हेंबर १८९७ ला सांतागाताच्या, म्हणजे व्हर्दीच्या शेतावरच्या घरात वारली. ही ८२ वर्षं एका कादंबरीत भरली की ती चरित्र होते, तेही घाईत उरकलेलं. या प्रेमातली खरी अडचण ऑक्टोबर १८४६ ते २९ ऑगस्ट १८५९ या तेरा वर्षांत आहे: पहिल्या तारखेला ती गाणं सोडून पॅरिसला शिकवण्या करायला जाते आणि दुसऱ्या तारखेला दोघांचं लग्न लागतं. एवढाच पट घ्या, ८०-९० हजार शब्दांत बसवा. आधीची कारकीर्द दोन-तीन आठवणींतून येऊ द्या. नंतरचं तेरेसा श्टोल्झ प्रकरण ही वेगळी कादंबरी आहे, त्याबद्दल पुढे.

आता कथेची गाठ. व्हर्दीची पहिली बायको मार्गेरिता १८ जून १८४० ला वारली होती. स्त्रेप्पोनीचं लग्न झालेलंच नव्हतं. म्हणजे कायद्याची किंवा चर्चची कुठलीही आडकाठी नसताना दोघं १८४७ पासून जवळजवळ बारा वर्षं लग्नाशिवाय राहिली, व्हर्दीच्या बुस्सेतो गावाचे टोमणे खाल्ले, आणि मग एक दिवस साव्हॉयमधल्या कोलोंज-सू-सालेव्ह नावाच्या खेड्यात जाऊन गुपचूप लग्न केलं. जिनिव्हाहून पाद्री आणला, साक्षीदार म्हणून बग्गीवाला आणि चर्चची घंटा वाजवणारा. इतकी वर्षं का थांबले आणि मग का केलं, याचं सरळ उत्तर देणारा एकही कागद नाही. तुमची कादंबरी या प्रश्नावर चालायला हवी. त्याचं उत्तर लेखिका म्हणून तुम्ही स्वतःपुरतं ठरवा, पण पात्रांच्या तोंडी ते एकसारखं देऊ नका. व्हर्दी एक कारण सांगेल, ती मनात दुसरं धरेल, गाव तिसरंच बोलेल.

माझं मत विचाराल तर सगळ्यात भक्कम कारण तिच्या बाजूला सापडतं. १८३८ ते १८४१ या काळात तिला लग्नाविना मुलं झाली. ती दुसऱ्यांच्या घरी किंवा अनाथालयात ठेवावी लागली, एक मुलगी वर्षाचीही न होता गेली. त्यांचे वडील कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाचा ठेकेदार मेरेल्ली याचं नाव घेतलं जायचं, तेनोर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, मोरियानी याचंही घेतलं जातं. जानेवारी १८५३ मध्ये लिव्होर्नोहून व्हर्दीला लिहिलेल्या पत्रांत ती स्वतःला त्याच्या पायरीची समजत नाही आणि आपल्याला आता मूल होणार नाही ही देवाने पापांची दिलेली शिक्षा असावी, असं लिहिते. ज्या बाईने स्वतःच्या गळ्यावर आई आणि भावंडं पोसली, करार स्वतः केले, फ्रेंचमध्ये सफाईने पत्रं लिहिली, ती घरात स्वतःला इतकं खाली बसवते. या विसंगतीतून पात्र उभं राहतं. तिला नुसती सोशिक केलीत तर ते पडेल, आणि आजच्या घोषणा देणारी बंडखोर केलीत तरी पडेल.

मुलांच्या वडिलांबाबत एक करा: नाव घेऊ नका, पण लपवताय असंही वाटू देऊ नका. तिच्या मनात त्या माणसाला नाव नसेल, फक्त एक हात किंवा एक कोट असेल, तर वाचकाला ते पटतं. आणि एप्रिल १८५१ मध्ये क्रेमोनाच्या अनाथालयात ठेवलेली एक मुलगी या दोघांचीच होती, असा एक तर्क विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला गेला. तो तर्कच आहे. कादंबरीला मोह पडेल असा आहे खरा, पण तो घेतलात की पुढची प्रत्येक ओळ त्याच्या भाराने वाकते: जानेवारी १८५३ चं पत्र बदलतं, लग्न बदलतं, १८६७ मध्ये त्यांनी नात्यातली एक लहान मुलगी सांभाळायला घेतली तेही बदलतं. घेणार असाल तर पूर्ण घ्या. एका प्रकरणापुरता मसाला म्हणून नको.

कल्पनेच्या मोकळिकीसाठी एक जुनी पण हमखास पद्धत आहे. मोठ्या वहीत महिन्यागणिक एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात त्याच काळात लिहिलेला, तारीख असलेला कागद: पत्र, करार, चर्चची नोंद, वर्तमानपत्र. दुसऱ्यात नंतर कुणी सांगितलेली आठवण. तिसरा तुमचा. पहिल्या रकान्याशी भांडायचं नाही. दुसऱ्यातलं पात्रांच्या तोंडी अफवा म्हणून घालायचं, निवेदनात घालायचं नाही. तिसऱ्यात काय वाटेल ते लिहा, मात्र पहिल्याला धक्का लागता कामा नये.

दुसऱ्या रकान्यापासून इतकं सावध का राहायचं, तर खुद्द व्हर्दीचंच बघा. १८७९ मध्ये त्याने प्रकाशक रिकोर्दीला आपली सुरुवातीची कहाणी सांगितली. तीत बायको आणि दोन्ही मुलं जेमतेम दोन महिन्यांत गेल्याचं येतं. प्रत्यक्षात मुलगी ऑगस्ट १८३८ मध्ये गेली, मुलगा ऑक्टोबर १८३९ मध्ये आणि बायको जून १८४० मध्ये. जवळजवळ दोन वर्षांचं दुःख त्याने साठीनंतर दोन महिन्यांत दुमडलं. कादंबरीकाराला ही चूक सोन्यासारखी आहे, पण ती चूक म्हणून वापरायची, वस्तुस्थिती म्हणून नाही.

व्हर्दीच्या नाबुक्को या ऑपेराभोवती तर दंतकथांचं रान माजलं आहे, आणि त्यातली आबिगाइल्लेची भूमिका पहिल्यांदा गायली ती तुमच्या नायिकेने, म्हणून हे नीट पाहा. पहिला प्रयोग ९ मार्च १८४२, ला स्काला, मिलान. त्या रात्री गुलामांचा तो प्रसिद्ध कोरस प्रेक्षकांनी वन्स मोअर मागून पुन्हा गाऊन घेतला, असं सर्रास लिहिलं जातं. पुन्हा गायलं गेलं ते शेवटच्या भागातलं प्रार्थनेचं सामूहिक गीत. दुसरं, व्हर्दीच्या नावातली अक्षरं फोडून राजा व्हिक्टर इमॅन्युएलचा जयजयकार करण्याची युक्ती १८५९ च्या सुमाराची आहे. १८४२ च्या गर्दीच्या तोंडी ती घातलीत तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल. तिसरं, त्या काळच्या ला स्कालात काठी घेऊन प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहणारा वाद्यवृंद-संचालक नव्हता. पहिला व्हायोलिनवादक हातातल्या गजाने वादकांना चालवायचा, आणि पहिल्या तीन रात्री संगीतकाराने वादकांत येऊन बसायचं, ही कराराची अट असायची. म्हणजे व्हर्दी पडद्यामागे येरझारा घालत नव्हता. तो वादकांत बसला होता, सगळ्यांच्या नजरेत, आणि तिचा आवाज फाटला तर सगळ्यात जवळून ऐकणारा तोच होता. हा एक तपशील बरोबर घेतला तर प्रसंग आपोआप उभा राहतो.

आणखी चार गोष्टी. प्रेक्षागृहातले दिवे प्रयोगाच्या वेळी विझवत नसत. वरच्या खोल्या, ज्यांना बॉक्स म्हणतात, त्या खानदानी घरांच्या मालकीच्या असत आणि तिथे गप्पा, खाणं, भेटीगाठी चालत. नाबुक्कोचे पडदे आणि कपडे नवे नव्हते, चार वर्षांपूर्वीच्या त्याच विषयाच्या बॅलेचे डागडुजी करून आणलेले होते. आणि वसंतात तो खेळ आठच वेळा झाला. शरदात ५७ प्रयोगांचा विक्रम झाला, तेव्हा आबिगाइल्ले दुसरीच गायिका गात होती. त्या विक्रमाचा हार स्त्रेप्पोनीच्या गळ्यात घालू नका. तिच्या वाट्याला आला तो अपमान: प्रयोगाच्या तोंडावर डॉक्टरांनी गाणं थांबवायला सांगितलं होतं, आणि संगीतकार दोनिझेत्तीने त्याच महिन्यातल्या पत्रात तिच्याबद्दल कडवट लिहिलं, की व्हर्दीला ती नकोच होती, थिएटरवाल्यांनी लादली.

आवाज का गेला, हे वाचकाला यांत्रिकदृष्ट्या कळलं पाहिजे. मिलानच्या संगीतशाळेतून ती १८३४ मध्ये बाहेर पडली. वडील दोन वर्षांपूर्वीच गेले होते. पुढची सहा-सात वर्षं ती गावोगाव एकामागून एक हंगाम गायली. हंगामाचं गणित असं: मुख्य कार्निव्हलचा हंगाम २६ डिसेंबरला सुरू होऊन लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, संपणार, मग ईस्टरनंतर वसंताचा, मग शरदाचा. पैसे करारानुसार हप्त्याहप्त्याने. आजारी पडलात तर हप्ता अडकतो. त्यामुळे गरोदरपणातही गायचं, बाळंतपणानंतर लगेच गायचं. नोव्हेंबर १८४१ मध्ये बाळंत झालेली बाई मार्चमध्ये आबिगाइल्ले गाते, आणि ती भूमिका तर सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यात उंच स्त्री-आवाजाचा, घाम काढणारी. दुसऱ्या अंकात एका जागी आवाजाला दोन सप्तकं सरळ खाली उडी घ्यावी लागते. मध्य षड्ज पांढरी एकचा धरला, तर अतितार षड्जावरून थेट मध्य षड्जावर, मधल्या स्वरांचा जिना न घेता. पोटाचे स्नायू सैल, झोप नाही, त्यात खालच्या स्वरांना जोर देण्यासाठी छातीचा आवाज वर ओढायची सवय. असा गळा ठरावीक क्रमाने खचतो. आधी मध्य सप्तक पोकळ होतं, मग वरचे स्वर धरताना हलायला लागतात, सगळ्यात शेवटी वरचा स्वर लागतच नाही. लिहिताना हा क्रम पाळा. एका रात्रीत आवाज फुटला, असं नाट्य नको. तिने त्यानंतरही १८४६ च्या सुरुवातीपर्यंत कसंबसं गाणं रेटलं आणि तिशीतच थांबली.

ऑपेराचं गाणं मराठी वाचकापुढे मांडताना विशेषणं कमी करा आणि रचना दाखवा. त्या काळच्या मोठ्या एकल गाण्याचे चार टप्पे असतात: बोलण्याजवळचं गायन, मग संथ भाग, मग मध्ये काहीतरी घडतं, निरोप येतो किंवा बातमी कळते, आणि शेवटी काबालेत्ता नावाचा द्रुत भाग, जो दोनदा गातात. दुसऱ्यांदा गायिका स्वतःच्या हरकती घालते. ख्यालाची विलंबित-द्रुत चाल माहीत असलेल्या वाचकाला हे चटकन कळतं, वेगळं समजावायला नको. तुमच्या कामाचं यात असं की दुसऱ्या आवर्तनात गायिका काय जोडते आणि काय गाळते, यावरून तिच्या गळ्याची त्या दिवशीची अवस्था सांगता येते. तिने सजावट टाळली, एवढं लिहिलंत तरी पुरे. ‘स्वर्गीय स्वर’ लिहायची गरज उरत नाही. आणि संबंध पुस्तकात गाण्याचे प्रसंग चारपेक्षा जास्त नकोत. शेवटचा १८४६ पूर्वीचा. त्यानंतर ती शिकवते, पत्रं लिहिते, व्हर्दीला पियानोवर ऐकते. गायिकेची कादंबरी असून गाणं थांबल्यानंतरच ती सुरू होते, यातच तिची गंमत आहे.

पॅरिसच्या भागात दोन मौल्यवान गोष्टी आहेत. एक, लंडनला जुलै १८४७ मध्ये नवा ऑपेरा उभा करून व्हर्दी पॅरिसला आला आणि तिथे जुन्या कामाची फ्रेंच आवृत्ती बसवू लागला. झेरुझालेम या नावाने ती २६ नोव्हेंबरला रंगमंचावर आली. तिच्या हस्तलिखितात प्रेमाच्या द्वंद्वगीताचे शब्द आळीपाळीने दोन हस्ताक्षरांत आहेत: एक त्याचं, एक तिचं. हा पहिल्या रकान्यातला पुरावा आहे, आणि प्रेमपत्रापेक्षा बोलका. एकाच टेबलावर, एकच दौत, ओळीआड हात बदलतोय, एवढा प्रसंग लिहा आणि थांबा.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पाकीट. व्हर्दीने १८४६ च्या ऑक्टोबरात तिला लिहिलेलं एक पत्र तिने आयुष्यभर जपलं आणि पाकिटावर लिहून ठेवलं, की मला पुराल तेव्हा हे माझ्या छातीवर ठेवा. मजकूर आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. प्रत्येक नवा लेखक पहिलं काम करतो ते हे पत्र स्वतः लिहायचं. ते लिहू नका. तुम्ही लिहिलेलं कुठलंही पत्र वाचकाने मनात धरलेल्या पत्रापेक्षा फिकं पडणार. त्याऐवजी पाकिटाचा प्रवास दाखवा: ट्रंकेत, शिवणाच्या डब्यात, पॅरिसहून फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्सहून बुस्सेतो. त्याला वास येऊ दे, घडी झिजू दे. उघडू नका.

बुस्सेतो हा कादंबरीचा कणा आहे, तिथे तीस-पस्तीस हजार शब्द खर्च करा. लेखक इथे हमखास गावाला खलनायक करतात. तसं करू नका, कारण गावाची बाजूही खरी आहे. व्हर्दी शेजारच्या रोंकोले वस्तीतला, बापाचं छोटं दुकान-खानावळ. त्याच्या शिक्षणाला पैसा दिला तो आंतोनियो बारेत्झी या व्यापाऱ्याने आणि गावच्या धर्मादाय संस्थेच्या शिष्यवृत्तीने. याच बारेत्झीची मुलगी मार्गेरिता त्याची पहिली बायको. म्हणजे गावाच्या लेखी तो आपला पोरगा, आपल्या पैशाने मोठा झालेला. तो १८४९ मध्ये पॅरिसमधल्या पटकीच्या साथीपासून दूर म्हणून परत येतो, आणि सप्टेंबरात एक नाटकवाली बाई त्याच्या घरी राहायला येते. घर कुठे, तर गावच्या मुख्य रस्त्यावरचा वाडा. बारेत्झीचं घरही त्याच रस्त्यावर. मेलेल्या मुलीचा बाप रोज खिडकीतून काय पाहत असेल, याचा विचार करा आणि मग गावाला दोष द्या.

तिच्या खिडकीवर दगड मारले, चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नसे, या गोष्टी दुसऱ्या रकान्यातल्या. वापरा, पण एकदाच, आणि तेही दुसऱ्या दिवशी मोलकरीण काच गोळा करतेय अशा वळणाने. रोज दगड पडू लागले की त्यांचा धाक जातो. रोजच्या रोज दाखवायची ती शांतता: बाजारात भाव सांगताना आवाज बदलणं, पडदा सरकणं. पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात दिवसेंदिवस धुकं बसतं, दहा पावलांवरचं दिसत नाही. तुमच्या नायिकेला तेवढाच काय तो आडोसा. शेत मक्याचं आणि गव्हाचं, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची झाडं, जेवणात पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, आणि डुकराचं खारवलेलं मांस. इतका तपशील पुरे, याहून जास्त घातलात तर सहलीचं माहितीपत्रक होईल.

१८५१ च्या वसंतात दोघं गावाबाहेर सांतागाताच्या शेतावर राहायला गेले. जेमतेम तीन-चार किलोमीटर, पण त्यांचं आणि गावाचं अंतर त्याहून बरंच वाढलं. त्या घरात आधी व्हर्दीचे आईवडील राहत होते. त्याच वर्षी त्याने नोटरीमार्फत त्यांच्याशी व्यवहार वेगळे केले, त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड करून दिलं, आणि जूनच्या अखेरीस आई वारली. बहुतेक कादंबऱ्या हा भाग टाळतात, कारण नायक काळा दिसतो. टाळू नका. मुलाने आईला घराबाहेर काढलं ते ‘हिच्यामुळे’, असंच गाव म्हणणार, आणि तिलाही मनातून तसंच वाटत असणार. कागदपत्रं याबद्दल काही सांगत नाहीत. इथे तिसरा रकाना तुमचा.

२१ जानेवारी १८५२ चं पॅरिसहून बारेत्झीला लिहिलेलं पत्र हा या सगळ्याचा कळस. सासऱ्याने आधी नाराजीचं पत्र पाठवलं होतं. व्हर्दी उत्तर देतो, त्याचा आशय असा: माझ्या घरात एक स्वतंत्र स्त्री राहते, तिची स्वतःची मिळकत आहे, आमचं नातं काय याचा हिशोब आम्ही कुणाला देणं लागत नाही, आणि तिला मिळायला हवा तो मान माझ्या घरात मिळेल. पत्र सभ्य आहे, प्रेमाचं आहे, आणि थंड पोलादासारखं आहे. हे पत्र पूर्ण उतरवून प्रकरण भरू नका. दोन-तीन वाक्यं पुरेत. मग कॅमेरा बारेत्झीकडे न्या, कारण उत्तर न देता समजून घेणारा माणूस इथे तो आहे. पुढे त्याचा आणि तिचा चांगला जिव्हाळा जमला, १८६७ मध्ये तो गेला तेव्हा दोघंही त्याच्यापाशी होती.

आता सगळ्यात मोठा सापळा. त्या पत्रानंतर बाराच दिवसांनी, २ फेब्रुवारी १८५२ ला, पॅरिसमध्ये फ्रेंच लेखक ड्यूमा धाकट्याचं गणिकेच्या प्रेमावरचं नाटक रंगमंचावर आलं. व्हर्दी आणि स्त्रेप्पोनी तेव्हा शहरातच होते. वर्षभराने, ६ मार्च १८५३ ला, त्यावरचा व्हर्दीचा ऑपेरा ला त्राव्हियाता व्हेनिसला पडला, आणि पुढच्या वर्षी त्याच शहरात दुसऱ्या थिएटरात उचलला गेला. शिवाय ज्या खऱ्या तरुणीवरून ड्यूमाने कथा रचली ती फेब्रुवारी १८४७ मध्ये पॅरिसात वारली, तेव्हा स्त्रेप्पोनी त्याच शहरात शिकवण्या घेत होती. इतके योगायोग हाताशी आल्यावर ऑपेराची नायिका व्हिओलेत्ता म्हणजे स्त्रेप्पोनी आणि मुलाला सोडून देण्याचा त्याग तिच्याकडून करवून घेणारा, प्रियकर आल्फ्रेदोचा बाप म्हणजे बारेत्झी, असं समीकरण मांडावंसं वाटणारच. ते कादंबरीला मारतं. कारण त्यागाचा तो सगळा प्रसंग ड्यूमाकडून आला आहे, त्याच्या १८४८ च्या गोष्टीत तो आधीच होता. आणि आयुष्यात उलट घडलं: बारेत्झीने तिला सोडायला लावलं नाही, व्हर्दीने तिला सोडलं नाही, ती क्षयाने मेली नाही. ती ८२ वर्षं जगली. तुम्ही हे समीकरण वापरायचंच तर ते तिच्या डोक्यात घाला: लोक आपल्याला आता त्या बाईसारखं बघतील, ही भीती. मग ऑपेरा घटनांचं स्पष्टीकरण न राहता नवी घटना होतो.

प्रवास आणि सरहद्दी यांत चुका फार होतात. १८५९ पूर्वी ‘इटली’ नावाचा देश नव्हता. मिलान आणि व्हेनिस ऑस्ट्रियाकडे, बुस्सेतो पार्मा संस्थानात, फ्लॉरेन्स तोस्कानात, रोम पोपकडे, जिनोआ आणि साव्हॉय पिडमाँटच्या राजाकडे. प्रत्येक हद्दीवर पासपोर्ट, प्रत्येक राज्यात वेगळं नाणं आणि वेगळा सेन्सॉर. मिलान-व्हेनिस रेल्वे पूर्ण झाली १८५७ मध्ये, बुस्सेतोजवळून जाणारी लाईन १८५९ मध्ये. तोवर बुस्सेतोहून कुठेही निघायचं तर घोडागाडीनेच. पत्राला उत्तर यायला दहा-बारा दिवस धरून चाला आणि कथानक त्यावर बसवा. रोममध्ये जानेवारी १८५३ मध्ये त्रोव्हातोरे हा ऑपेरा उभा करणारा व्हर्दी आणि लिव्होर्नोत वाट पाहणारी ती, यांची पत्रं एकमेकांना ओलांडून जातात. तिने सोमवारी रागावून लिहिलेलं त्याला पोहोचतं तोवर तिचा राग उतरलेला असतो. कथानक ओढायला वेगळी युक्ती लागत नाही.

निवेदन तिच्या बाजूने, पण तृतीय पुरुषात ठेवा. तिच्या पत्रांचा आवाज मजेदार आहे: चिमटे काढणारा, स्वतःवर हसणारा, त्याला ‘जादूगार’सारखी लाडकी नावं देणारा. प्रथम पुरुष घेतलात तर दर पानाला त्या आवाजाशी तुलना होईल आणि तुम्ही हराल. त्याची तिला लिहिलेली पत्रं मात्र फारशी उरलेली नाहीत, म्हणून तो तिच्याकडून, आडून दिसू द्या. संवाद आजच्या साध्या मराठीत. पेशवाई थाट नको आणि इटालियन शब्दांची पेरणीही नको. घरात दोघं एकमेकांना तू म्हणतील, बारेत्झीशी बोलताना दोघंही तुम्ही म्हणतील, थिएटरवाल्यांशी ती तुम्ही म्हणेल आणि रागावली की नुसतं आडनाव.

श्टोल्झबद्दल. ही बोहेमियातली सोप्रानो, व्हर्दीचा मित्र आणि संचालक मारियानी याची वाग्दत्त. १८७२ मध्ये ला स्कालात व्हर्दीच्या आइदा ऑपेराची नायिका तीच, १८७४ च्या त्याच्या रेक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातही तीच. १८७५ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्राने तिच्या आणि व्हर्दीच्या भानगडीचं गॉसिप छापलं, आणि एप्रिल १८७६ मध्ये स्त्रेप्पोनीने नवऱ्याला संयमाने पण स्पष्ट विचारलं. पुढे श्टोल्झ घरची मैत्रीण होऊन राहिली. या भागात इतकं द्रव्य आहे की तो शेवटच्या दोन प्रकरणांत कोंबला तर आधीची तेरा वर्षं सूडकथेची प्रस्तावना वाटतील. कोलोंजच्या लग्नावर पुस्तक संपवा. उपसंहारही नको.

हक्कांचं नीट करा. व्हर्दी आणि स्त्रेप्पोनी यांची बरीच पत्रं १९१३ पासून छापून आली आहेत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाला प्रसिद्धीपासून ६०. त्यामुळे प्रत्येक पत्र पहिल्यांदा कधी छापलं गेलं ते टिपून ठेवा. इंग्रजी अनुवादांवर मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. इंग्रजीतून मराठीत आणलेला उतारा परवानगीशिवाय छापू नका. इटालियन येत नसेल तर निवडक चाळीस-पन्नास पत्रं जाणकाराकडून थेट मराठीत करून घ्या, खर्च परवडतो आणि भाषाही ताजी राहते. शंका असतील तर पार्म्याची व्हर्दी अभ्याससंस्था आणि न्यूयॉर्क विद्यापीठातली अमेरिकन व्हर्दी संस्था, दोन्हीकडे विचारता येतं. सांतागाताचं घर २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा प्रत्यक्ष जायचं तर आधी चौकशी करा. बुस्सेतोचा मुख्य रस्ता तरी चालून पाहा. दोन घरांमधलं अंतर पावलांनी मोजा, तो आकडा बुस्सेतोच्या पहिल्याच प्रकरणात लागेल.

शेवटी दीड-दोन पानांची टीप द्या. तीत तीनच गोष्टी असाव्यात: कोणती पात्रं पूर्ण काल्पनिक आहेत, कुठली तारीख तुम्ही जाणूनबुजून सरकवली, आणि मुलांबद्दलच्या वादात तुम्ही कोणती बाजू धरली. सरहद्दींचा नकाशा पुस्तकाच्या सुरुवातीला टाका, कुटुंबवृक्ष आणि टीप मात्र मागेच, नाहीतर लग्न होणार हे वाचकाला पहिल्या पानावर कळेल.